बिनमाशांचं पाणी

इमारतीत त्या दोघींना वेगवेगळं असं कुणी ओळखतच नव्हतं. थोरली-धाकटी, हा एकच शब्द होता. "थोरली-धाकटीकडे चावी ठेवलीय," "थोरली-धाकटीला विचारून बघ," असं लोक म्हणत, आणि दोघींपैकी जी समोर असेल ती उत्तर देई. थोरलीचे केस पिकले, धाकटीचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले, तरी तो शब्द काही तुटला नाही. आईवडील गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या राहिल्या आणि राहतच गेल्या. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी टळलं, ते दोघींनी फारसं मनावर घेतलं नाही.

घर थोरली चालवायची. दूध किती घ्यायचं, खिडकी कधी लावायची, कोणती चादर कधी धुवायची, सगळं तिच्या डोक्यात. बाहेर पडताना शेवटची फेरीही तिचीच: गॅस बंद, नळ बंद, पंखा बंद, दिवा बंद, मग कुलूप, मग कुलूप दोनदा ओढून बघायचं. धाकटी तोवर जिन्यात पर्स छातीशी धरून उभी असायची.

धाकटी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. पेशंटांना नंबराने आत बोलवायचं, खुर्चीशेजारी चूळ भरायला पेला भरून ठेवायचा, दातांच्या मापासाठी लगदा कालवून द्यायचा, वापरलेली अवजारं घासून वाफेच्या डब्यात घालायची. "जंतू मेले की नाही ते दिसत नाही, म्हणून अंदाजाने काम करायचं नाही," असं म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तिने ते जन्मभर पाळलं.

एक दिवस ती डबा घरी विसरली आणि थोरली तो घेऊन दवाखान्यात आली. बाहेरच्या बाकावर एक विधुर गृहस्थ कवळीच्या मापासाठी बसले होते. जन्म जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेलेला. तोंडात औषधाला दात नव्हता, पण हसायला मुळीच कचरत नव्हते. थोरली डबा ठेवून लगेच निघणार होती, ती बसली. पुढच्या आठवड्यात डबा पुन्हा घरी राहिला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. धाकटीला वाटलं, आपलं डोकं चालेनासं झालं. मग एका सकाळी तिला डब्याची पिशवी दाराआड, चपलांच्या मागे सापडली, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"ताई," ती म्हणाली, "डबा मी विसरत नव्हते."

थोरली कपडे घड्या करत होती. तिने वर पाहिलं नाही. "मग काय झालं," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. सत्तावन्नाव्या वर्षी.

कवळी बसली आणि लग्नही ठरलं. कचेरीत सह्या झाल्या, धाकटी साक्षीदार. थोरली नवऱ्याच्या घरी, बंदराच्या गावाला गेली. दुसऱ्याच्या पलंगावर तिला झोप येत नसे, म्हणून तिची खाटही टेम्पोत चढली. खाटेमागे भिंतीचा रंग इतर भिंतीपेक्षा उजळ राहिला होता. खाटेच्या आकाराचा एक चौकोन.

आता घर खायला उठतं असं म्हणतात. धाकटीला तसं वाटलं नाही. खायला उठलं असतं तरी बरं. घर नुसतं गप्प बसून होतं. दिवसभर दवाखान्यात तिचं बोलणं ठरलेलं: या, बसा, तोंड उघडा, चूळ भरा. घरी आल्यावर एक शब्द बोलायचं काम नाही. रविवारी थोरलीचा फोन आला की पहिलं वाक्य घशातून खरखरत निघायचं.

"सर्दी झालीय का गं?"

"नाही. आज अजून बोलले नव्हते कुणाशी."

"संध्याकाळ झाली की," थोरली म्हणायची, आणि मग तिकडून भावजींची हाक यायची.

त्याच सुमारास म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या सुनेने दवाखाना हाती घेतला. डॉक्टरीणबाई कामाला चोख, स्वभावाने बऱ्या, पण जुनं काही ठेवायचं नाही या मताच्या. बाहेरच्या खोलीत पूर्वी माशांची काचेची टाकी होती. मासे कधीच संपले होते. कोरड्या टाकीत जुनी मासिकं पडलेली असत. त्या भिंतीवर टीव्ही लागला.

"ही टाकी तुम्हाला हवीय का?" डॉक्टरीणबाईंनी जाता जाता विचारलं. "नाहीतर भंगारात देते."

"हवी," धाकटी म्हणाली. बोलून गेल्यावर तिचीच ती चपापली. घरात एखादी वस्तू आणायची तर आधी ताईला विचारायचं, ही सवय हाडात मुरलेली. दिवसभर तिला वाटत राहिलं, आपण काहीतरी परस्पर करून बसलो.

हमालाने टाकी वर आणली. लोखंडी स्टँड आणि जुन्या फिल्टरसकट ती भिंतीवरच्या उजळ चौकोनापुढे ठेवली. चौकोन पूर्ण झाकला गेला नाही, पण पुष्कळसा झाकला. धाकटीने बादल्या भरभरून टाकी भरली, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परस्पर शोभेच्या माशांच्या दुकानात गेली.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. दोन्ही बाजूंनी दिवे लावलेल्या टाक्या आणि सगळीकडून बुडबुड्यांचा आवाज. दुकानदार चांगला जाडजूड, कोपरापर्यंत बाह्या ओल्या.

"मला मासे हवेत," धाकटी म्हणाली.

"टाकी कधी भरली?"

"काल."

"मग मासे नाही मिळणार."

धाकटीला वाटलं, दुकान बंद करायची वेळ झाली असेल. "उद्या येऊ?"

"उद्याही नाही." त्याने हात पुसले आणि तिला स्टूल दिलं. "आज मासे दिले तर तुम्ही घेऊन जाल, चार दिवस कौतुक कराल, मग एकेक मरेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. ऐका. मासा खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. ते विष. नदीत ते वाहून जातं, टाकीत कुठे जाणार? मग एक जातीचे जंतू असतात, ते हे विष खातात. पण खाऊन जे टाकतात तेही विषच. ते दुसऱ्या जातीचे जंतू खातात. त्यांच्यापासून जे उरतं त्याने माशाला फारसा त्रास नाही. अधूनमधून थोडं पाणी बदललं की झालं. नव्या टाकीत हे जंतू नसतात. ते आधी वस्तीला यावे लागतात."

"येतात कुठून?"

"आपोआप येतात, पण फार वेळ लावतात. म्हणून ही." त्याने फडताळातून एक बाटली काढली आणि हलवून दिव्यासमोर धरली. आत गढूळसं पाणी.

"ह्यात काय आहे?"

"तेच. जंतू."

धाकटीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून ते आवरेना. दुकानदार बघतच राहिला.

"माझा जन्म ह्यांना उकळण्यात गेला," ती म्हणाली.

"मग आता थोडे पाळून बघा."

त्याने सगळं नीट समजावलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते उतरवायला आधी हे थेंब, मग बाटली. टाकीत मासे नसले तरी जंतूंना खायला हवं, म्हणून रोज माशांचं खाणं चिमूटभर टाकायचं. ते कुजेल, त्यातून यांचं जेवण तयार होईल. नळीत पाणी घेऊन तपासायच्या औषधाचे थेंब घालायचे आणि रंग बघायचा. पिवळा राहिला तर पहिलं विष नाही, हिरवा झाला तर आहे. दुसऱ्या विषाची नळी वेगळी: निळी चांगली, जांभळी वाईट. "आणि एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "फिल्टर बंद करायचा नाही. दिवसा नाही, रात्री नाही, गावाला गेलात तरी नाही. हे जंतू पाण्यात मोकळे हिंडत नाहीत, फिल्टरमधल्या स्पंजाला धरून राहतात. वाहतं पाणी थांबलं की गुदमरतात."

धाकटीने घरी येऊन सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. बाटली ओतली तेव्हा पाणी जरा धुरकट झालं आणि सकाळी पुन्हा निवळलं. फिल्टरची बारीक घरघर चालू राहिली. कामाला निघताना तिने पंखा बंद केला, दिवा बंद केला, आणि त्या एका बटणापाशी हात थांबला. मागे काहीतरी चालू ठेवून घराबाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ. बसमध्ये बसेपर्यंत जिवाला चैन नव्हतं.

मग तो रोजचा क्रम झाला. संध्याकाळी आली की हात धुवायचे, रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकायचं आणि खुर्ची ओढून समोर बसायचं. खाण्याचे कण थोडा वेळ तरंगायचे, मग तळाशी जाऊन बसायचे. नळ्यांचे रंग ओळखणं तिला जड गेलं नाही. कवळीच्या दातांचा रंग पेशंटच्या उरलेल्या दातांशी जुळवून बघण्यात तिची नजर तयार झालेली. पहिली नळी हिरवी होत गेली, गडद हिरवी झाली. तिला उगाच बरं वाटलं. काहीतरी घडत होतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वाटी परत द्यायला वर आल्या. धाकटी नेमकी खाणं टाकत होती. काकू टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, त्यांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मासे कुठायत गं?"

"अजून नाहीत."

"मग खायला कुणाला घालतेस?"

"जंतूंना."

काकू वाटी तशीच हातात घेऊन खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी इमारतीभर झालं की थोरली गेल्यापासून धाकटीचं काही खरं नाही. जिन्यात भेटणारे जरा हळू आवाजात बोलायला लागले. एक-दोघींनी तर "जेवतेस ना नीट?" असंही विचारलं. काकूंचं मात्र वेगळंच. "लोक एकमेकांना पाण्यात बघतात," त्या म्हणत, "ही जे नाहीतच त्यांना बघते."

रविवारी धाकटीने फोनवर थोरलीला टाकीचं सांगितलं. थोरली म्हणाली, "बरं झालं, तेवढाच विरंगुळा." मग म्हणाली, "हे मुलाकडे चाललेत. मी येते तिकडे, राहायला."

धाकटीने त्या आठवड्यात घर घासून काढलं. पडदे धुतले. गादी आणून ठेवली. टाकीतही चांगलं चाललं होतं: पहिली नळी हिरव्यावरून पिवळ्याकडे उतरत होती आणि दुसरी जांभळी होऊ लागली होती. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "वस्ती बसतेय. आता धीर धरा." ताईच्या देखतच मासे येतील असा तिने मनाशी मेळ घातला.

थोरली आली. जराशी वाळली होती, पण कपडे पूर्वीपेक्षा चांगले. आल्या आल्या तिने दुधाच्या पातेल्याची जागा बदलून पूर्वीसारखी केली. धाकटीला त्याचं बरंच वाटलं. जेवताना दोघी खूप बोलल्या, म्हणजे थोरली बोलली. सकाळी धाकटी कामाला गेली.

संध्याकाळी दार उघडलं आणि तिला कळलं की काहीतरी चुकलंय. काय ते क्षणभर ध्यानात येईना. मग आलं: आवाज नव्हता. टाकीतलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. थोरली खिडकीशी बसून शेंगा सोलत होती.

"ताई, हे बटण?"

"अगं, जरा पडले होते, तर ती घरघर डोक्यात जाते. बंद केलं. मग माझी ती शाळेतली मैत्रीण आहे ना, तिच्याकडे जाऊन आले. येऊन बघते तर लावायचं राहिलं."

"दुपारपासून बंद आहे?"

"सकाळपासूनच असेल. तू गेलीस की लगेचच पडले मी."

धाकटीने पर्स खाली ठेवली, फिल्टरचं झाकण काढलं. आतून कुबट वास आला. उन्हाचे दिवस होते, बंद खोलीत पाणीही कोमट झालेलं. तिने बटण लावलं. पंपाने खरखर केली आणि काळपट पाण्याची एक रेघ टाकीत सोडली. ती टाकीसमोर उभी राहिली.

"काय झालं एवढं?" थोरलीने विचारलं.

"मेले असतील."

"कोण मेले? काही नाही त्यात."

"होतं."

"पाणी आहे नुसतं. मासे तरी असते तर गोष्ट वेगळी." थोरलीने शेंगांची परात बाजूला सारली. "काकू सांगत होत्या, मला खरं वाटलं नव्हतं. रोज खायला घालतेस म्हणे."

धाकटीला ओरडावंसं वाटत होतं, पण कशावरून ओरडायचं तेच सापडेना. मासा मेला असता तर तो दाखवता आला असता. हातात घेऊन दाखवता आला असता. हे कुणाला दाखवणार?

"तू विचारायचं होतंस," शेवटी ती म्हणाली.

"बटण बंद करायला विचारू? ह्या घरात?"

"आता मी राहते ना इथे. एकटी."

परातीतली एक शेंग खाली पडून घरंगळत गेली. थोरलीने ती उचलली नाही.

"म्हणजे राग आहे तुला," ती म्हणाली. "मी गेले त्याचा."

"राग नाही गं."

"मग काय आहे?"

धाकटी खुर्चीत बसली. "संध्याकाळी येते तेव्हा घर जसं ठेवून गेले तसंच असतं," ती म्हणाली. "पेला जिथे ठेवला तिथेच. चपला तशाच. हे एक होतं, रोज थोडं बदलायचं. सकाळचा रंग संध्याकाळी वेगळा असायचा. बाकी काही नाही."

"मला सांगितलं का नाहीस कधी? दर रविवारी फोन करते मी."

"करतेस. पण भावजी हाक मारतात."

बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं, झाडूचा आवाज पायरी पायरीने खाली गेला. मग थोरली बोलायला लागली, भिंतीकडे बघत.

"ते चांगले आहेत. मला काही कमी नाही. बोलतातही भरपूर. पण सगळं जहाजावरचं. अमक्या बंदरात असं झालं, तमक्या वादळात तसं. मी ऐकते. मला काही सांगायचं झालं तर पहिल्यापासून सांगावं लागतं. बाबा कसे होते, ही मैत्रीण कोण. तोवर त्यांना झोप लागते. तुझ्याशी बोलताना निम्मं बोललं तरी पुरतं." ती थांबली. "तिथे मला कुणी थोरली म्हणत नाही. थोरली कुणापेक्षा?"

हे धाकटीच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिच्या मते रितेपण होतं ते सगळं ह्या दोन खोल्यांत राहिलं होतं, आणि ताई भरल्या घरी गेली होती.

"तूच चल तिकडे," थोरली म्हणाली. "मागची खोली रिकामी आहे. त्यांना मी विचारलंय, ते हो म्हणालेत. त्यासाठीच आले मी खरं तर."

हे ऐकायला धाकटी कित्येक महिने थांबली होती. लग्नानंतर पहिल्या रविवारी ताईने हे विचारलं असतं, तर ती फोन ठेवायच्या आत पिशवी भरून तयार झाली असती. आता ती शब्दांची वाट बघत बसली आणि आला तो शब्द वेगळाच.

"नको, ताई."

"टाकीसाठी?"

"टाकीचं काय, ती नेता येईल." तिने विचार करून पाहिला. "तिकडेही शेवटी बटणं तूच बंद करशील."

थोरलीने तिच्याकडे बघितलं. तिला राग यायला हवा होता, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला, मग धाकटीचाही. दोघी हसल्या, फार नाही, पण हसल्या. नंतर थोरली उठली आणि चहाचं आधण ठेवलं, आणि चहा घेताना दोघींनी वेगळंच काहीबाही बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावरून आली तर टेबलावर बाटली. थोरली दुपारी पत्ता विचारत विचारत दुकानात जाऊन आली होती.

"तो जाड्या मला रागावला," ती म्हणाली. "म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळेच मासे मरतात. मी म्हटलं, मासे नव्हतेच. तर आणखीनच रागावला. म्हणाला, सगळे मेले नसतील, काही तग धरतात. हे ओतून पुन्हा सुरुवात करा. आणि हलवून ओता म्हणाला."

धाकटीने झाकण उघडून बाटली थोरलीच्या हातात दिली. थोरलीने औषध पाजावं तशी ती सावकाश ओतली, शेवटचा थेंबही झटकला, आणि पाणी धुरकट झालं ते बघत उभी राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आता?"

"आता वाट बघायची."

पण थोरलीला वाट बघायला वेळ नव्हता. भावजी मुलाकडून परतणार होते. पाण्याचा रंग पुन्हा सुधारायच्या आतच ती निघाली. स्टँडवर बस सुटेपर्यंत धाकटी खिडकीखाली उभी होती. मागच्या खोलीचं थोरलीने पुन्हा विचारलं नाही, धाकटीनेही काढलं नाही. बस वळल्यावर ती चालतच घरी आली.

दुसऱ्या वेळी काम लवकर झालं. पहिली नळी पिवळी झाली आणि पिवळीच राहिली. दुसरी बरेच दिवस जांभळी होती. मग एका सकाळी निळी दिसली. खाणं टाकून दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी निळी. धाकटीने ती नळी खिडकीच्या उजेडात धरली, कुणाला दाखवता येईल म्हणून बाजूच्या घराच्या गच्चीकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं, आणि नळी धुऊन ठेवली. कामावरून परस्पर दुकानात गेली.

"झालं," तिने दुकानदाराला सांगितलं.

त्याने आणखी काही विचारलं नाही. जाळी बुडवून बोटाच्या पेराएवढे, पाठीवर लाल रेघ असलेले थोडे मासे काढले, पिशवीत पाणी आणि हवा भरून गाठ मारली. "पहिल्यांदा एवढेच," तो म्हणाला. "वस्ती नवी आहे, एकदम पाहुणे नकोत."

तिने पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग सावकाश मोकळी केली. मासे एका कोपऱ्यात घोळक्याने थांबले. एक वाट चुकल्यासारखा दुसरीकडे गेला आणि घाईने परत आला. तो रविवार नव्हता, तरी तिने फोन लावला.

"आले," ती म्हणाली.

"खरंच? कसे आहेत?"

"छोटे आहेत. लाल रेघ आहे. एकत्रच राहतात."

"वा," थोरली म्हणाली. "आणखी सांग." आणि तिकडे दार वाजलं, भावजींचं कुणीतरी आलं होतं, थोरली म्हणाली, "थांब हं, करते परत," आणि त्या दिवशी परत फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी आला.

त्याच दिवशी संध्याकाळी काकू वर आल्या. खुर्चीवर बसून त्यांनी बराच वेळ टाकी बघितली. धाकटीने चहा दिला.

"आता दिसतंय बाई काहीतरी," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पूर्ण दिवस हेच करतात का हे? इकडून तिकडे?"

"हो."

"कंटाळत नसतील?"

"माहीत नाही."

काकूंनी चहा संपवला, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि खाली त्यांच्या सुनेने हाक मारली म्हणून निघाल्या. धाकटीने दार लावलं. दोन्ही कप विसळले, पालथे घातले, आणि मग जेवायला वाढून घेतलं.